इंजिन उतरवण्याआधी: जुन्या गाडीचं 'बॅक कॉम्प्रेशन' नेमकं कुठून येतंय ते कसं शोधायचं

गॅरेज टाकू बघणाऱ्यांसाठीच्या आपल्या मालिकेतला हा पुढचा धडा. चाचण्या व्हिडिओत करून दाखवल्या आहेत. इथे त्यामागचं कारण, आकडे आणि ग्राहकाशी करायचा व्यवहार सविस्तर लिहितोय, म्हणजे गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचता येईल.

समजा, पंधरा-सोळा वर्षांची मारुती ओम्नी तुमच्याकडे आली. मालक केटरिंगची भांडी आणि माणसं नेतो, म्हणजे गाडी उभी राहिली की धंदा उभा राहिला. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरतंय. क्रँकचं पुढचं सील सहा महिन्यांत दोनदा बदललंय, तरी गळती तशीच. एअर फिल्टर ऑइलने ओला. डिपस्टिक मध्येच वर सरकलेली असते. आधीच्या मिस्त्रीने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, धूर बघितला आणि सांगून टाकलं, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन उतरवावं लागेल." मालकाकडे आत्ता तेवढे पैसे नाहीत. तो तुम्हाला विचारतोय, "दादा, खरंच इंजिन गेलंय का?"

या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देणारे गावात खूप आहेत. मोजून देणारे कमी आहेत, आणि नव्या गॅरेजला जागा तिथेच मिळते.

आधी कुकर समजून घ्या

पिस्टनवर पेट्रोल जळतं तेव्हा तयार होणारा सगळा गॅस सायलेन्सरकडे जात नाही. रिंगांच्या तोंडाशी बारीक फट असते, ती ठेवावीच लागते. तिथून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे आपण ज्याला चेंबर म्हणतो तिथे उतरतो. नव्या इंजिनमध्येही उतरतो. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. ३००० आरपीएमला, सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं, तर ते मिनिटाला साधारण १२०० लिटर मिश्रण ओढेल. त्यातला शंभरातला एक भाग जरी खाली निसटला तरी मिनिटाला १२ लिटर झाले. आंघोळीची बादली जवळजवळ भरेल एवढा गॅस दर मिनिटाला त्या बंद डब्यात येतो, आणि तो बाहेर पडायलाच हवा.

बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. पूर्वी गाड्यांना नुसता एक पाईप खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा. तो गॅस हवा खराब करतो म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९६१ च्या मॉडेलपासून तो परत इंजिनमध्ये ओढून जाळायची पद्धत आली. तिथला तो एकेरी व्हॉल्व्ह म्हणजे पीसीव्ही. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम हा गॅस शोषून घेतो. त्यामुळे पीसीव्ही असलेल्या चांगल्या पेट्रोल इंजिनमध्ये आयडलिंगला चेंबरमध्ये दाब नसतो, उलट किंचित ओढ असते. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, पुढची अर्धी तपासणी त्यावरच उभी आहे.

आता प्रेशर कुकर आठवा. आत दाब वाढतो तो दोनच कारणांनी. आच जास्त आहे, नाहीतर शिट्टी चोंदली आहे. आच म्हणजे रिंगांमधून येणारा गॅस, शिट्टी म्हणजे ब्रीदर आणि पीसीव्ही, आणि झाकणाचं रबर म्हणजे तुमची ऑइल सीलं आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट. शिट्टी चोंदलेल्या कुकरचं रबर कितीदा बदललं तरी वाफ कडेनेच येणार. त्या केटरिंगवाल्याचं सील दोनदा का गेलं, ते आता कळलं असेल. आणि आधीच्या मिस्त्रीने जो धूर बघितला तो 'दाब आहे' एवढंच सांगतो. आच की शिट्टी, हे त्यावरून कळत नाही. एका कारणाचा खर्च काहीशे रुपये, दुसऱ्याचा काही हजार.

झाकण नाचवण्याची परीक्षा

ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवायचं आणि ते उडतंय का बघायचं, ही परीक्षा सगळीकडे चालते. सेकंड हँड गाडी घेतानाही लोक हेच करतात. मला ती अर्धवट वाटते. पिस्टन वरखाली होताना खालची हवा इकडून तिकडे ढकलली जाते, त्यामुळे झाकण थोडं थरथरतंच. शिवाय झाकण उघडलं की बंद डब्याची स्थितीच मोडली, मग ब्रीदर काम करतोय की नाही हे दिसणार कसं? झाकण जोरात उडून पडलं तर शंका घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

त्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये वापरतात तो पातळ रबरी ग्लोव्ह घ्या. इंजिन पूर्ण गरम करा. सगळे पाईप जागेवर असू द्या. झाकण काढून ऑइल भरायच्या तोंडावर ग्लोव्ह रबरबँडने घट्ट बसवा आणि आयडलिंगला बघा. बोटं आत ओढली गेली तर ओढ आहे, छान. ग्लोव्ह फुगून उभा राहिला तर दाब आहे. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा, सैल बाही घालून हे काम करू नका. ग्राहकाला शेजारी उभं करून दाखवा. एवढी सोपी गोष्ट त्याला दिसली की पुढच्या तपासणीचे पैसे मागताना संकोच वाटत नाही.

पाण्याची नळी: तुमचं स्वस्तातलं मीटर

ग्लोव्ह हो किंवा नाही सांगतो. किती, हे सांगायला नळी लागते. सहा-आठ मिलिमीटरची पारदर्शक प्लास्टिक नळी एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोका, मध्ये सेंटीमीटरची पट्टी चिकटवा, नळीत रंग घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं. ऑइलचं झाकण बंद, ब्रीदर जागेवर. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक हे तुमचं रीडिंग.

साधं पाणी कशाला, प्रेशर गेज का नाही? कारण एक पीएसआय दाबाने पाणी सुमारे ७० सेंटीमीटर चढतं. आपल्याला शोधायचा दाब त्यापेक्षा खूप कमी असतो. टायरच्या गेजचा काटा हलणारही नाही, आणि पाणी मात्र पाच सेंटीमीटरचा फरक स्वच्छ दाखवेल.

आयडलिंगला पाणी इंजिनच्या बाजूला ओढलं गेलं तर व्यवस्था ठीक. बाहेर ढकललं गेलं तर दाब. आता सावकाश २५०० ते ३००० आरपीएमवर न्या आणि बघा. आयडलिंगला ठीक पण रेस केल्यावर पाणी झपाट्याने बाहेर जायला लागलं तर वाट अपुरी पडतेय, किंवा गॅसच जास्त येतोय. पाणी उडून नळीबाहेर जाईल इतकं रेस करू नका, आणि इंजिनकडे ओढ जास्त असेल तर पाणी आत जाणार नाही एवढी नळी उंच ठेवा.

मुख्य प्रश्नाचा निकाल

आता खरी युक्ती. वाट पूर्ण मोकळी करून बघायची.

इंजिन बंद करा. पीसीव्हीचा पाईप आणि एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा पाईप, दोन्ही टॅपेट कव्हरकडून काढा. मॅनिफोल्डकडचं तोंड बुचाने बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन आयडलिंग बिघडेल आणि तुम्ही भलत्याच मागे लागाल. मग इंजिन चालू करून कव्हरच्या उघड्या तोंडातून काय येतंय ते बघा. नळीचं रीडिंगही बघा.

मंद, विरळ वाफ येतेय आणि नळीतला दाब जवळजवळ शून्यावर आला, तर गॅस फार नाही, वाटच बंद होती. शिट्टी चोंदलेली. धूर चुलीच्या धुराड्यासारखा एकसारखा, जोराने येतोय, हात धरला तर तळवा ऑइलने ओला होतोय, तर आच जास्त आहे, रिंगांकडे जायला हवं. एक तिसरी शक्यता विसरू नका: बाहेरचे पाईप काढूनही दाब तसाच, पण तोंडातून फारसं काही येत नाही. याचा अर्थ टॅपेट कव्हरच्या आतली जाळी किंवा पत्र्याचा आडोसा गाळाने बुजलाय. बाहेरचा पीसीव्ही नवा टाकूनही गाडी परत येते ती बहुतेक यामुळे.

हे सगळं करायच्या आधी दोन मिनिटांचं एक काम आहे, ते अनुभवी माणसंही विसरतात. डिपस्टिक. ऑइल खुणेच्या बरंच वर असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून ऑइल फेकलं जातं आणि सगळी लक्षणं रिंगा गेल्यासारखी दिसतात. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी आपोआप वाढते. अशा ऑइलवर पुढची कोणतीही चाचणी करू नका, आधी कारण दूर करून ऑइल बदला.

वाट चोंदली असेल तर

काम सोपं आहे, पण नीट करा. पीसीव्ही हलवून बघा, आतला तुकडा खडखडला पाहिजे. पाईपला लावून आयडलिंगला तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. शंका असेल तर नवाच टाका, स्वस्त वस्तू आहे. पाईप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो, म्हणून आरपार तार घालून बघा. टॅपेट कव्हर काढून जाळी केरोसीनमध्ये भिजवा, ब्रशने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

झाकणाखाली सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर घाबरू नका. गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरते, इंजिन कधी नीट तापत नाही, पावसाळ्याची दमट हवा, मग आतलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलबरोबर मिसळून असा थर जमतो. हेडगॅस्केट गेलंय असं लगेच म्हणू नका, आधी रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते विचारा.

वाट मोकळी झाली की नळीचं रीडिंग परत घ्या. मगच सील आणि गॅस्केट बदला. क्रम उलटा केलात तर नवं सीलही गळेल आणि दोष तुमच्या हाताला लागेल.

काही जण ब्रीदरचा पाईप काढून सरळ खाली सोडतात, किंवा त्याला पाण्याची बाटली बांधतात. दाब कमी होतो, गळती थांबते, ग्राहक खूष. पण आजार तसाच राहतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर इंजिन धूळ ओढतं. आपल्या गॅरेजचं नाव लावून असली गाडी बाहेर सोडू नका.

आच जास्त असेल तर

इथे लगेच पाने काढू नका. कॉम्प्रेशन गेज लावा. साधं पेट्रोलचं गेज एक-दोन हजारांत मिळतं आणि पहिल्याच महिन्यात पैसे फेडतं. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग कमी येतं आणि चांगलं इंजिन वाईट ठरतं. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या आणि आकडा लिहा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये दोष आहे असं धरतात.

मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि परत मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा-बोअर. जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडगॅस्केट. जास्त ऑइल ओतू नका, त्याने जागा भरून आकडा खोटाच वाढतो. आणि पेट्रोलचं गेज डिझेल इंजिनला कधी लावू नका, त्याचं कॉम्प्रेशन खूप जास्त असतं.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा शंभर टक्के चांगल्या असं होत नाही. वरच्या रिंगा दाब धरतात, पण ऑइल रिंग कार्बनने चिकटलेली असू शकते. म्हणून ज्याच्याकडे कंप्रेसर आहे त्याने लीक-डाऊन चाचणी शिकून घ्यावी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणायचा, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडगॅस्केट. हवा सोडताना क्रँक झटका देऊ शकतो, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना अडकवून ठेवू नका.

रिंगा ठरल्या तरी दोन प्रकार आहेत. ऑइल वेळेवर न बदलल्याने रिंगा खाचेत चिकटल्या असतील तर प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं औषध घालून रात्रभर ठेवणं, मग ते बाहेर काढून, ऑइल बदलून काही दिवस गाडी चालवून परत मोजणं, एवढा एक प्रयत्न करण्यासारखा आहे. गुण येईलच असं ग्राहकाला सांगू नका. आणि बोअरच झिजला असेल तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात. लेथवाल्याकडून बोअर मोजून घ्या, वर-खाली आणि दोन्ही दिशांनी. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन. मर्यादेत असेल तर होनिंग करून रिंगा, आणि रिंग बोअरमध्ये घालून तोंडाची फट फीलर गेजने मोजूनच बसवायची. झीज का झाली हेही शोधा. एअर फिल्टरचा पाईप फाटला असेल आणि गाडी खडीच्या रस्त्यावर फिरत असेल, तर नवं इंजिनही लवकरच तिथे पोचेल.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गंमत

जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो. तो ब्रेक बूस्टरमधून हवा ओढतो आणि ऑइलसकट चेंबरमध्ये सोडतो. बूस्टरचा पडदा किंवा पाईप फुटला तर हा पंप बाहेरची हवा एकसारखी इंजिनच्या पोटात भरत राहतो. रिंगा ठणठणीत, तरी बॅक कॉम्प्रेशन! गाडी उभी ठेवून, चाकाला उटी लावून, पंपाकडचा पाईप काढून तोंड बुचाने बंद करा. नळीतला दाब एकदम उतरला तर चोर सापडला. पाईप परत जोडल्याशिवाय आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

टर्बो असेल तर त्याच्या झिजलेल्या सीलमधूनही दाबाची हवा चेंबरमध्ये येते, आणि हा दाब आयडलिंगला न दिसता लोडवर दिसतो. उलटही होतं. चेंबरमध्ये दाब असला की टर्बोतलं ऑइल खाली परत येत नाही, टर्बो ऑइल गाळतो, आणि लोक निरोगी टर्बो बदलून बसतात. शिवाय ब्रीदरमधून फार ऑइल इनटेकमध्ये जात असेल तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळू शकतं, चावी काढली तरी थांबत नाही. अशा गाडीवर रेसची चाचणी करू नका.

पैशाचं बोलूया

आता तुमचा धंदा. ही पूर्ण तपासणी हात बसल्यावर तास-दीड तासाची आहे. ती फुकट करायची नाही. समजा तुम्ही ६०० रुपये तपासणी ठेवली आणि काम तुमच्याकडेच केलं तर ती बिलातून वजा केली, तर ग्राहकाला पटतं. तुमच्या भागात काय चालेल ते तुम्ही ठरवा, पण गाडी आत घेण्याआधी सांगा.

जॉब कार्डवर 'इंजिन खराब' असं लिहू नका. असं लिहा: "इंजिन गरम, ऑइल पातळी बरोबर. आयडलिंगला चेंबरमध्ये दाब ६ सेंमी पाणी. ब्रीदर मोकळा केल्यावर शून्य. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडर सारखं. निदान: ब्रीदरची जाळी बंद." खाली ग्राहकाची सही. हा कागद घेऊन तो दुसरीकडे गेला तरी चालेल. कागदावर तुमच्या गॅरेजचं नाव आहे.

ग्राहक म्हणेल, "तपासणी नको, सील तेवढं बदला." तेव्हा कुकरचं उदाहरण द्या, ग्लोव्ह लावून दाखवा. तरी ऐकलं नाही तर सील बदला, पण कार्डवर 'दाबाची तपासणी ग्राहकाने नाकारली, सीलची हमी नाही' असं लिहून सही घ्या.

रिंगाच गेल्या असतील तर खर्चाचा आकडा आणि गाडीची किंमत दोन्ही त्याच्यासमोर मांडा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. यातल्या कित्येक गाड्या पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत किंवा चालल्या आहेत, म्हणजे पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पीयूसी आलंच. पत्रा सडलेला असेल तर इंजिनवर पैसे घालू नका असं स्पष्ट सांगा. पत्रा चांगला, गाडी रोज कमावती, तर इंजिनचं काम परवडतं. तो हिशोब त्याच्या रोजच्या कमाईवर करून द्या.

आणि एक वही आजच सुरू करा. सर्व्हिसला येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीला, तक्रार असो वा नसो, पाच मिनिटं पाण्याची नळी लावा. मॉडेल, किलोमीटर, आयडलिंगचं रीडिंग, ३००० आरपीएमचं रीडिंग, तारीख. वीस-पंचवीस ओम्नी झाल्या की निरोगी इंजिन किती दाखवतं आणि थकलेलं किती, हे तुमच्या वहीत आलेलं असेल. पुढच्या वर्षी तीच गाडी परत आली की मागचा आकडा शेजारी ठेवून बघता येईल.

नळी, ग्लोव्ह आणि ब्रीदर मोकळा करण्याची चाचणी व्हिडिओत याच क्रमाने आहे. लीक-डाऊन चाचणी पुढच्या भागात घेऊ, तोपर्यंत कंप्रेसरचं पाणी काढून ठेवा.